बरा म्हणजे किती बरा

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. ठाण्याच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होते. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी ते अक्षर न् अक्षर वाचायचं आणि समासात पेन्सिलीने खुणा करायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खोड गेली नाही. डोंबिवलीत मानपाडा रोडने चालताना दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ अजून डोळ्यांना टोचतात. माझा मुलगा संदेश म्हणतो, आई माणसंही प्रुफासारखी वाचते. हे तो कौतुकाने म्हणत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण अशा या बाईने दोन अक्षरांचा एक शब्द चुकीचा वाचला आणि त्यापायी पोटच्या मुलाचं ठरत आलेलं लग्न सोळा दिवस अडवून धरलं. मी जन्माने पुण्याची, नाव देवयानी, स्वभाव तिखट. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. घरात मी आणि संदेश दोघंच.

तो शब्द म्हणजे 'बरा'. आमची त्याच्याशी जुनी ओळख आहे. चार वर्षांपूर्वी ठाण्याचं एक स्थळ संदेशला पाहायला आलं होतं. दोनदा आली ती माणसं, माझ्या हातची पुरणपोळी मागून खाल्ली, संदेशच्या पाठीवर हात फिरवून गेली. मग मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगा तसा बरा आहे, पण. त्या 'पण'पुढे काही नव्हतंच. संदेशने हसून सोडून दिलं, असं त्याने मला दाखवलं. त्यानंतर दोन वर्षं मात्र लग्नाचा विषय काढला की तो उठून गॅलरीत जायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तोंड लेकाचं पोळलं आणि फुंकत मी बसले.

मग शिवानी आली. क्रिकेट खेळताना संदेशचा गुडघा दुखावला आणि कल्याणला जिच्याकडे तो व्यायामासाठी जायचा, ती फिजिओथेरपिस्ट म्हणजे ही. गुडघा दीड महिन्यात बरा झाला, तरी हे गृहस्थ सहा महिने जातच होते. ती मला पहिल्या भेटीतच आवडली. 'मी आलेली', 'मी बोललेली' असं बोलते, आणि मी तिला एकदाही टोकलं नाही, यावरून काय ते ओळखा.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, सुट्टी होती म्हणून आम्ही दोघं तिच्या घरी टिटवाळ्याला जेवायला गेलो. नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर. आई गोदाताई आणि वडील महिपतराव. महिपतराव त्र्याहत्तर वर्षांचे. गाव कुडाळजवळचं. बाविसाव्या वर्षी कल्याणला आले आणि तिथल्या एका टॉकीजमध्ये चौतीस वर्षं मशीन चालवून सिनेमे दाखवले. त्या टॉकीजच्या जागी आता टॉवर आहे. घरात गोदाताईंशी ते आपल्या मालवणीत बोलत, पण माझ्याशी बोलताना जपून, शब्द निवडून, पुस्तकातली मराठी. नव्या चपला घालून चालावं तसं.

जेवण झाल्यावर त्यांनी जरा लाजत विचारलं, वेळ असेल तर एक पिक्चर दाखवतो. शिवानीने पहिल्या पगारात त्यांना छोटा प्रोजेक्टर घेऊन दिलाय. पडदे ओढून घेतले आणि भिंतीवर ते सुरू झालं.

ती होती हॉलिवूडची जुनी संगीत विनोदिका. नाव इंग्रजी आणि लांबलचक. महिपतराव तिला नुसतं 'पियानोवाला' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. नायक पियानो दुरुस्त करणारा. समोरच्या दुकानात नायिका हातमोजे विकते. पहिल्या वीस मिनिटांत दोघं प्रेमात पडतात. मग एके दिवशी ती दाराआडून त्याचं बोलणं ऐकते. तो कुणाला तरी सांगत असतो की ही आता म्हातारी झाली, आवाज फाटलाय, हिला काढून टाका. बोलतोय पियानोबद्दल, इंग्रजीत वस्तूलाही कधीकधी 'ती' म्हणतात. हिला वाटतं, आपल्याबद्दलच. पुढे सव्वा तास रुसवा, पाठलाग आणि गाणी.

माझं मत विचाराल तर निम्मंनिम्मं. गाण्यांना काही धरबंध नाही. माणूस पत्र टाकायला निघाला तरी गातो. मोलकरणीच्या ठेंगणेपणावरचे विनोद तर बघवत नाहीत. आणि मुख्य म्हणजे एका वाक्यात मिटणारा गैरसमज सव्वा तास ताणलाय. अरे, विचार ना त्याला, कोण म्हातारी? मोठी माणसं अशी वागतात का, असं मला सारखं वाटत होतं. पण मध्ये एक नाच आहे. वाद्यांच्या दुकानात भिंतीला लावलेल्या शिड्या आहेत, आणि त्या सरकत्या शिड्यांवर दोघं नाचतात. चित्र कुठे तुटत नाही, पाय कुठे चुकत नाही, आणि रागावलेली ती बाई नाचता नाचता राग विसरते आणि संपल्यावर पुन्हा आठवून रागावते. त्या चार मिनिटांत मी एकही चूक शोधली नाही.

मी पडद्याइतकीच महिपतरावांकडे बघत होते. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक काळा ठिपका येतो. दुसरं मशीन चालू करायची ती ऑपरेटरला खूण. आता कसलं रीळ आणि कसलं मशीन, पण दर वेळी तो ठिपका आला की ते खुर्चीतून अर्धे उठत आणि पुन्हा बसत. त्यांना इंग्रजी येत नाही. हा सिनेमा त्यांनी पन्नासेक वेळा तरी दाखवला असेल, आणि गोष्ट स्वतःच जुळवली होती. त्यांच्या मते ती रागावते, कारण तो एका श्रीमंत बाईचा पियानो फुकट दुरुस्त करून देतो आणि हिच्या दुकानातून हातमोजे मात्र घासाघीस करून घेतो. मी खरं कारण सांगितलं. त्यांनी विचार केला आणि हळूच म्हणाले, माझी गोष्ट जास्त पटते. मनातून मलाही तसंच वाटलं.

मग त्यांनी विचारलं, कसा वाटला? त्यांच्या घरचं जेवून मी वाईट कसं म्हणणार? आणि खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, बरा आहे. आमच्या माहेरी भाजी बरी झाली म्हणजे टाकून द्यावी लागणार नाही, एवढंच. पण महिपतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी मला पुन्हा विचारलं, खरंच बरा वाटला? मी म्हटलं, हो, बरा. ते उठून आत गोदाताईंना सांगायला गेले. माणूस फार थोडक्यात खूश होतो, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

निघताना दारात गोदाताईंनी त्यांना सरळच विचारलं की आता बोला, मुलगा कसा वाटला. महिपतरावांनी पुढे लिफ्टपाशी शिवानीशी बोलत उभ्या असलेल्या संदेशकडे नीट पाहिलं, आपल्या शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि माझ्यासाठी शुद्ध मराठीत म्हणाले, "मुलगा बरा आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी संदेशने सांगितलं की त्यांच्याकडून साखरपुड्यासाठी फेब्रुवारीची तारीख विचारलीय, तू फोन करून हो म्हण. मी म्हटलं, बघू. मग मी पत्रिकेचं काढलं, जिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मग पुण्याच्या भावाला सवड नाही म्हटलं. मग नुसतीच टाळाटाळ. टिटवाळ्याहून गोदाताईंचे दोन फोन आले. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मुलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवव्या दिवशी संदेशने जेवताना ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आई, तू 'नाही' का म्हणतेयस, ते तरी सांग ना."

काय सांगणार? सांगायचं तर तो शब्द मला त्याच्यापुढे पुन्हा उच्चारावा लागला असता. त्याच्या सासऱ्यालाही तू फक्त बरा वाटलास, असं कुठल्या तोंडाने सांगू? मी मूग गिळून बसले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना तो मोबाइलकडे बघायला लागला. पहाटे उठून मी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

पंधराव्या दिवशी महिपतरावांचाच फोन आला. त्यांच्या इमारतीतल्या ज्येष्ठ मंडळींना रविवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये 'पियानोवाला' दाखवायचा होता. तिथे कुणालाच इंग्रजी येत नाही. तुम्हाला पिक्चर एवढा बरा वाटला, तर तुम्हीच आधी पाच मिनिटं गोष्ट समजावून सांगाल का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझा बेत वेगळाच होता. कागदावर मी सिनेमाचे पाच दोष क्रमाने लिहून काढले. ते सगळ्यांसमोर वाचायचे. आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना बाजूला घेऊन सांगायचं की माझा मुलगा बरा नाही, चांगला आहे, हे ज्याला दिसत नाही त्याच्या घरी मी त्याला देणार नाही. वाक्य आरशापुढे म्हणूनही पाहिलं. संदेशला काही न सांगता रविवारी मी एकटीच टिटवाळ्याला गेले.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. शिवानी प्रोजेक्टरच्या तारा जोडत होती. तिने वाकून नमस्कार केला आणि लगेच कामाला लागली. नेहमी ही बडबड करते, आज माझ्याकडे बघेना. मी गोदाताईंशेजारी बसले. महिपतराव बोलायला उभे राहिले. समोर बहुतेक मंडळी कोकणातली, त्यामुळे ते आपल्या बोलीत मोकळे झाले. त्यांनी आनंदा मिस्त्रींबद्दल सांगितलं. गावाहून आलेल्या महिपतला मशीनवर उभं करणारे, पहिली दोन वर्षं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी देणारे, आणि टॉकीज बंद झाली त्याच साली वारलेले.

"माणूस बरो होतो," महिपतराव म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा परत घातला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान हलवत राहिला. मग ते म्हणाले, शिनेमा बरो आसा. आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, ही आमची विहीणबाय, बरी बाय आसा.

मी कागदाची घडी उलगडत होते, ती तशीच राहिली. ठीकठाक माणसासाठी कुणी चष्मा काढून डोळे पुसत नाही. मी गोदाताईंकडे वाकून हळूच विचारलं, तुमच्याकडे एखादी गोष्ट अगदी उत्तम असली तर काय म्हणतात?

त्यांना तो प्रश्नच विचित्र वाटला. "बरा म्हणतो. आणि काय म्हणतलो?"

"आणि फारशी चांगली नसली तर?"

"मग गप रवतो," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी पुढे सांगितलं की तुम्ही गप्प राहिलात तेव्हा आम्ही समजलो. शिवानी दोन रात्री जेवली नाही.

मला कानकोंडं झालं. चांगलं म्हणालेल्या माणसावर मी सोळा दिवस रुसून बसले होते, आणि जिच्याबद्दल माझ्या मनात एकही खूण नव्हती त्या मुलीला, त्यांच्या भाषेत, मी रोज नापसंत करत होते. ध चा मा मी दोन्हीकडून केला होता. आणि एकतीस वर्षं पगार घेतला होता तो कशाचा?

तेवढ्यात महिपतरावांनी मला बोलावलं. उभं राहावंच लागलं. मी सिनेमाची गोष्ट सांगितली. पाचातले दोन दोष सांगितले, कारण ते खरेच आहेत: गाणी जास्त आहेत आणि मोलकरणीची टिंगल वाईट आहे. शिड्यांवरचा नाच सुरू झाला की चहा मागू नका, असंही सांगितलं. तिसरा दोष, गैरसमज फार ताणलाय हा, मला वाचता येईना. मी म्हटलं, एका वाक्यात मिटेल अशी गोष्ट ही दोघं सव्वा तास बोलत नाहीत, तेव्हा मला वाटलं होतं की मोठी माणसं अशी वागत नाहीत. वागतात. मग महिपतरावांनी रचलेली गोष्टही मी सांगितली, आणि यातली कुठली पटते ते पिक्चर बघून ठरवा म्हणून खाली बसले. संपल्यावर लोकांनी हात वर केले. महिपतरावांची गोष्ट भरघोस मतांनी जिंकली.

माणसं पांगल्यावर मी त्यांना गाठलं. ते खुर्च्या एकात एक घालत होते. मी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. त्या दिवशी मी बरा म्हटलं ते पुण्याचं, म्हणजे जेमतेम. आणि तुम्ही संदेशला बरा म्हणालात तेही मी पुण्याच्याच कानाने ऐकलं. त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. पुस्तकातली मराठी त्यांनी या वेळी बाजूलाच ठेवली.

"तुमचो बरो माका ठाऊक आसा, बाय. पन्नास वर्सा झाली हयसर येवन."

म्हणजे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. तरीही ते आत सांगायला धावत गेले होते. मी विचारलं, मग तुम्ही खूश कसे झालात?

"मी आमचो आयकलंय. सोयरीक जुळवूची तर कोणीतरी तसा आयकूक व्हया." हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिवानी तार गुंडाळत होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. "शब्द आपल्या बाजूक वळवूक येता. गप रवणा खंय वळवूचा?"

माझा कोरडा शब्द या माणसाने जाणूनबुजून आपल्या बाजूला वळवून गोड करून घेतला होता. गप्प बसण्याचं मात्र त्यांना काहीच करता आलं नाही, ते बिचाऱ्यांनी जसंच्या तसं घरी नेलं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी शिवानीकडे गेले. बरी, चांगली, उत्तम यातला एकही शब्द वापरायची मला भीती वाटत होती. म्हणून सरळ सांगितलं, "शिवानी, तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून. मी बोलले नाही, ती माझी चूक."

तिच्या हातातली तार तशीच राहिली. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. माझ्याकडे जरा रागानेच बघत राहिली, आणि तिचा तो हक्क होता.

"हे मला काय सांगता," ती म्हणाली. "तो घरी सोळा दिवस एकटा बसलाय, त्याला सांगा ना."

तिनेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून संदेश हॅलो म्हणाला, मग काळजीने विचारलं, शिवानी, काय झालं? मी म्हटलं, "मी आई बोलतेय रे. टिटवाळ्याहून." आणि मग, सगळे ऐकत असताना, मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.